काट्याची पावती आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. धुऱ्याच्या भांडणापुरते ते खरेच आहे. हातभर धुऱ्यासाठी दोन एकर वावर वकिलाच्या घरी गेल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. पण ज्या रस्त्याने आपली कपाशी जिनिंगला जाते, पोरगी शाळेत जाते आणि अडलेली बाई दवाखान्यात जाते, तो रस्ताच दुसऱ्याच्या जादा वजनाखाली मेला तर काय करायचे? तिथे कोर्टाकडे पाठ फिरवणे म्हणजे शहाणपण नव्हे. तो रस्ता आपण होऊन सोडून देणे आहे.

सुलतानपूरच्या फाट्यावर घटकाभर उभे राहिले तरी आम्ही काय म्हणतो ते कळेल. एक रस्ता मेहकरकडून येतो. एक लोणारला जातो. एक बिबी, दुसरबीड, सिंदखेडराजा करत जालन्याला पोचतो. या फाट्यावरून रेती जाते, मुरूम जातो, गिट्टी, सिमेंट, सळई जाते. आपला कापूस आणि सोयाबीनही इथूनच जातो. रात्री झोपलेल्या माणसाच्या खाटेला हादरा बसला की न बघता सांगता येते, भरलेला टिप्पर गेला. सकाळी उठून बघावे तर कालचा खड्डा आज हातभर रुंद झालेला असतो.

मग आपण काय करतो? चार गावची माणसे गोळा करून रस्ता अडवतो. तहसीलदार येतात, पोलीस येतात. "कारवाई करू" असे आश्वासन मिळते. एखादा टिप्पर उभा केला जातो, त्याचा फोटो पेपरात येतो. महिन्याभराने तोच टिप्पर तेवढाच ढीग घेऊन त्याच रस्त्याने जाताना दिसतो. मग पारावर एकच निष्कर्ष निघतो: हप्ता पोचला.

हप्ता नसतो असे आम्ही म्हणणार नाही. तेवढे भोळे आम्ही राहिलेलो नाही. पण हप्त्याच्या नावाने बोटे मोडून आपण मोकळे होतो आणि दुसरे कारण तपासायचे राहून जाते. ते कारण असे की जादा वजनाचा गुन्हा डोळ्यांना दिसतो, पण कोर्टात वजन सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करण्याची तयारी ना सरकारी खात्याची असते, ना आपली. अंगावर येणारा ढीग हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे काट्याची पावती, आणि तीही कोर्टात टिकणारी पावती. या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

रस्ता कशाने मरतो

आधी वजनाचा हिशोब. आपल्याला वाटते, दीडपट वजन म्हणजे दीडपट झीज. तसे नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे खास बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक फिरवून बघितले. त्यातून जे निघाले ते आजही जगभरचे रस्ते-अभियंते ढोबळ नियम म्हणून वापरतात. आसावरचे वजन जितक्या पट वाढते, त्याच्या चौथ्या घाताइतके रस्त्याचे नुकसान वाढते. म्हणजे एका आसावर दुप्पट वजन टाकले तर रस्ता दुप्पट नाही, सोळापट झिजतो. दीडपट टाकले तर सुमारे पाचपट.

हा नियम आपल्या मातीत आणखी बोचतो. आपली जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बैलगाडीच्या काळापासून आपल्याला हे ठाऊक आहे. अशा मातीवर थोड्या वाहतुकीसाठी बांधलेला गावरस्ता पाच-पाच आणि दहा-दहा टन जादा वजन सोसू शकत नाही. जो रस्ता दहा वर्षे टिकायचा तो दोन पावसाळ्यांत उखडतो, आणि दोष मात्र पावसाला दिला जातो.

सरकारनेही या कामी हातभार लावलेला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकचे भरलेले वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. तीन आसांच्या ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टन. चार चाकांच्या एका आसावर पूर्वी १०.२ टन चालायचे, आता ११.५ टन चालते. वाढ दिसायला आठव्या हिश्श्याएवढी. पण चौथ्या घाताचा हिशोब लावा. त्या आसाखाली रस्त्याची झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. मर्यादा एका कागदाने वाढली, पण तिच्यासाठी गावरस्त्याची जाडी कोणी वाढवलेली आमच्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे कायद्याने चालणारा ट्रकही आता रस्त्याला जड झाला आहे, आणि त्यावर पुन्हा बेकायदा वजन. म्हणून निदान बेकायदा तेवढे तरी थांबले पाहिजे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ११३ सांगते की नोंदणीपत्रात लिहिलेल्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त वजन घालून कोणी गाडी चालवू नये, चालवायला लावू नये आणि चालवू देऊ नये. या तीन क्रियापदांकडे लक्ष द्या. 'चालवू नये' हे ड्रायव्हरसाठी आहे. 'चालवायला लावू नये' आणि 'चालवू देऊ नये' हे मालकासाठी आहे.

कलम ११४ अधिकाऱ्याला अधिकार देते. मोटार वाहन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला संशय आला तर तो गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो. मात्र तो काटा गाडीच्या पुढच्या वाटेवरच्या कोणत्याही ठिकाणापासून १० किलोमीटरच्या आत किंवा गाडी जिथे जायची त्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असला पाहिजे. जादा वजन निघाले तर जादा माल उतरवून घेण्याचा लेखी हुकूम तो देऊ शकतो, आणि माल उतरेपर्यंत गाडी हलवता येत नाही. गाडीच्या परवान्यावर तशी नोंद करायची आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवायचे, हेही त्याच कलमात आहे.

कलम १९४ दंडाचे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर किमान २,००० रुपये आणि वर जादा टनामागे १,००० रुपये असा दंड होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० रुपये झाला. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हेही आता त्या कलमातच लिहिले आहे. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. काही राज्यांत ठरावीक रक्कम भरून जादा वजन वाहून नेण्याची मुभा दिली जात होती. न्यायालय म्हणाले की दंड भरला म्हणून जादा वजन घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळत नाही.

कायदा वाचून समाधान वाटते. पण कायदा पुस्तकात असतो आणि रस्ता सुलतानपुरात. या दोघांच्या मध्ये कोर्ट आहे.

खटला कुठे पडतो

ट्रकमालकाने दंड कबूल केला, जागेवर तडजोडीची रक्कम भरली, तर पुराव्याचा प्रश्नच येत नाही. दंड लहान होता तेव्हा बरेच जण भरून मोकळे व्हायचे. आता दहा टन जादा निघाले की कलमाप्रमाणे ४०,००० रुपये होतात. दंड जेवढा मोठा, वकील तेवढा मोठा. मालक कोर्टात उभा राहून म्हणतो, मला गुन्हा कबूल नाही, सिद्ध करा. तिथून सरकारी बाजूची परीक्षा सुरू होते.

पहिला प्रश्न: वजन केले का? "ढीग फाळक्याच्या वर होता" ही साक्ष वजनाची नाही. कापूस फाळक्याच्या वर चार हात गेला तरी वजनाला हलका असतो, आणि गिट्टी फाळक्याच्या आत राहूनही जादा भरते, हे कापूसवाल्याला तरी सांगायला नको.

दुसरा प्रश्न: काटा खरा होता का? वैध मापनशास्त्र खात्याने त्या काट्याची पडताळणी केव्हा केली, शिक्का चालू होता की मुदत संपली होती? पडताळणीचा दाखला खटल्याच्या कागदांत नसेल तर वकिलाचे अर्धे काम तिथेच झाले.

तिसरा प्रश्न: गाडी काट्यावर कशी घेतली? सगळी चाके एकदम काट्यावर होती, की काटा लहान म्हणून आधी पुढची आणि मग मागची चाके चढवून दोन वजनांची बेरीज केली? काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन सपाट नसेल तर अशा बेरजेत फरक पडतो. पावतीवर हे काहीच लिहिलेले नसते.

चौथा प्रश्न: हीच ती गाडी कशावरून? नंबरपाटी चिखलाने भरलेली, पावतीवर एक आकडा चुकलेला. नोंदणीपत्राची प्रमाणित प्रत जोडलेली नाही. मग त्या गाडीला किती वजन चालत होते हेच कोर्टापुढे नाही. मर्यादाच सिद्ध झाली नाही तर ती ओलांडली हे कसे सिद्ध होणार?

पाचवा प्रश्न: काट्यावर बसणारा माणूस साक्षीला आला का? तो बहुतेक येत नाही. ज्यांचे ट्रक त्याच्या काट्यावर रोज येतात, त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊन त्याला धंदा बुडवायचा नसतो.

आणि सहावा प्रश्न आपल्याला लागतो: पंच कुठे आहेत? पंचनाम्यावर सही करताना दहा जण पुढे असतात. दोन वर्षांनी तारीख येते ती नेमकी पेरणीत किंवा वेचणीच्या दिवसांत. कोर्टात गेलेला पंच सांगतो, "कोऱ्या कागदावर सही घेतली, मला काही आठवत नाही." त्याला आपण फितूर म्हणतो. पण त्याच्या वावरातला कापूस त्या दिवशी आपल्यापैकी कोणी वेचून दिला होता का, हे स्वतःला विचारत नाही.

सहांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. तो त्याला मिळालाच पाहिजे. उद्या आपल्यावर खोटा खटला झाला तर आपल्यालाही तोच फायदा हवा असतो. म्हणून कोर्टाला दोष देऊन उपयोग नाही. बी न टाकता पीक मागण्यासारखे ते आहे.

ब्रास आणि टन

रेती-मुरुमाच्या बाबतीत एक घोटाळा वेगळा समजून घेतला पाहिजे. महसूल खाते मोजते ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ते माप आकाराचे आहे. मोटार वाहन खाते मोजते टन. ते माप वजनाचे आहे. एक ब्रास रेती साधारण चार ते साडेचार टन भरते, पण ओली असली की जास्त. नदीतून उपसून लगेच भरलेली रेती आणि आठ दिवस वाळलेली रेती सारखी भरत नाही.

याचा अर्थ दोन खात्यांना एकाच गाडीवर दोन वेगळे गुन्हे सापडू शकतात. वाहतूक पासावर तीन ब्रास आणि गाडीत पाच ब्रास असेल तर तो महसुलाचा गुन्हा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहनही जप्त होते. त्याच गाडीचे वजन नोंदणीपत्रापेक्षा जास्त असेल तर तो मोटार वाहन कायद्याचा गुन्हा. पण तलाठ्याने ब्रास मोजून केलेला पंचनामा आरटीओच्या खटल्यात वजनाचा पुरावा म्हणून चालणार नाही. ब्रासला साडेचारने गुणून टन काढणे हा अंदाज झाला. कोर्ट विचारेल, रेती ओली होती की सुकी?

उपाय सोपा आहे. गाडी पकडली की महसूल खात्याने तिला पडताळणी झालेल्या काट्यावर न्यावे आणि मोटार वाहन निरीक्षकाला तिथे बोलवावे. एका पावतीवर दोन्ही खटले उभे राहतील. पण दोन खात्यांची दोन कार्यालये, आणि मधून मोकळा टिप्पर.

जालन्याचा धडा

आता काट्यावर पाटीवरची शाई गेली, संगणक आला. पावती यंत्रातून छापून येते. आपल्याला वाटते, यंत्राची पावती म्हणजे पक्का पुरावा. उलट आहे. यंत्रातून निघालेल्या कागदासाठी वेगळा दाखला लागतो. हा धडा आपल्या फाट्यावरून जिथे रस्ता जातो त्या जालन्याच्याच एका खटल्याने सगळ्या देशाला दिला.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला असा आरोप होता, आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. त्या चित्रणासोबत लागणारा दाखला अधिकाऱ्यांनी मागूनही दिला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण दिल्लीला गेले आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर यंत्रातून काढलेल्या प्रतीसोबत दाखला हवाच, तो ऐच्छिक नाही. मात्र पक्षकाराने वारंवार मागूनही संबंधित अधिकारी दाखला देत नसेल, तर त्याने कोर्टाकडे अर्ज करावा. हातात नसलेल्या गोष्टीसाठी त्याला बुडवता येणार नाही. हायकोर्टाचा निकाल कायम राहिला.

तेव्हा पुराव्याचा कायदा १८७२ चा होता आणि कलम होते ६५-ब. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता ते कलम ६३ आहे आणि दाखल्याचे दोन भाग आहेत, एकावर पुरावा देणाऱ्याची सही आणि दुसऱ्यावर जाणकाराची.

आमदारकीच्या खटल्यात जे लागले ते टिप्परच्या खटल्यातही लागते. संगणकाच्या काट्याची छापील पावती नुसती जोडून दिली आणि दाखला नाही, तर ती पावती कोर्टात मुकी. आणि दुसरा अर्धा धडा आपल्यासाठी आहे: दाखला मिळाला नाही तरी तो लेखी मागितल्याचा कागद जवळ ठेवा. तोंडी मागणे म्हणजे न मागणे.

पळणाऱ्याला सूट, ड्रायव्हरला दंड

आणखी एक हिशोब मांडतो. वजन करायला गाडी न थांबवणे किंवा काट्यावर जाण्याआधीच माल उतरवणे हा वेगळा गुन्हा आहे. १९९४ ते २०१९ या काळात त्याचा दंड जास्तीत जास्त ३,००० रुपये होता. त्याच काळात एक टन जादा निघाले तर दंड २,००० अधिक १,००० म्हणजे ३,००० व्हायचा. म्हणजे एक टनापेक्षा जास्त जादा माल भरलेल्या प्रत्येकाला काट्यावर जाण्यापेक्षा पळून जाणे स्वस्त होते. पंचवीस वर्षे कायद्याने हे शिकवले. २०१९ नंतर न थांबण्याचा दंड ४०,००० झाला. म्हणजे आता दहा टनांपर्यंत काटा परवडतो. दहा टनांच्या वर गेलेल्याला आजही पळणेच स्वस्त. सगळ्यात मोठ्या गुन्हेगाराला सगळ्यात मोठी पळवाट.

आणि सापडतो कोण? ड्रायव्हर. तो कोणाचा तरी पोरगा असतो, ट्रिपवर पैसे मिळवणारा. मालक म्हणतो, मी सांगितले नव्हते. रेती भरून देणारा म्हणतो, माझी गाडीच नाही. माल मागवणारा म्हणतो, मला टनाचा भाव ठाऊक, गाडीचे मला काय. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून अवजड वाहनांचा एकच कायदा लागू आहे. त्यात माल पाठवणारा, भरणारा आणि गाडी पाठवणारा या सगळ्यांवर जबाबदारी टाकलेली आहे. आपल्याकडे 'चालवायला लावू नये' हे शब्द १९८८ पासून पुस्तकात आहेत. ते शब्द वापरून मालकाला आरोपी करायचे तर भरलेल्या ठिकाणची नोंद, मालकाचा हुकूम, भाड्याचा हिशोब हे कागद जमवावे लागतात. ड्रायव्हरवर पावती फाडणे सोपे असते.

आपल्या अंगणातली गाडी

हे सगळे लिहिताना आरसा बघणे भाग आहे. कोरडवाहू शेती पिकली नाही म्हणून आपल्याच पोरांनी कर्ज काढून टिप्पर घेतले आहेत. भाडे टनावर मिळते, हप्ता महिन्यावर भरावा लागतो. तो जादा वजन भरतो कारण कायद्याइतके भरून त्याचा हप्ता निघत नाही. त्याला शिव्या देऊन प्रश्न सुटणार नाही. सगळ्यांनाच मर्यादेत भरावे लागले तर भाडे आपोआप वर चढेल. एकाने मर्यादा पाळायची आणि दहांनी मोडायची, यात पाळणारा मरतो. काटा सगळ्यांसाठी सारखा चालला तर त्यात टिप्परवाल्या पोराचेही हित आहे.

आपली स्वतःची कापसाची गाडीही आम्ही विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंना फुगवून, अर्धा रस्ता अडवत जाणारी ट्रॉली आपलीच असते. जो न्याय टिप्परला मागायचा तो आपल्यालाही लागेल. त्याची तयारी ठेवूनच हा विषय हाती घ्यावा.

आणि काट्याशी आपले नाते जुने आहे. जिनिंगवर भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकीत आपले वर्षभराचे कष्ट. 'काटा मारला' हा शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. ज्या काट्याला आपण धर्मकाटा म्हणतो, त्याचा धर्म टिकवायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे दर वर्षीची पडताळणी आणि दर्शनी भिंतीवर लावलेला दाखला. खोटा काटा जिनिंगवर आपला कापूस खातो आणि बिनदाखल्याचा काटा कोर्टात आपला रस्ता खातो. ही एकच लढाई आहे.

बैठकीपुढे ठेवण्यासाठी

जिल्हा बैठकीने ठरावात तीन मागण्या घ्याव्यात असे आम्हाला वाटते.

एक, प्रत्येक तालुक्यातल्या सर्व काट्यांची यादी पडताळणीच्या तारखेसह जाहीर व्हावी, आणि अवजड वाहतुकीच्या प्रत्येक रस्त्यावर कलम ११४ च्या अंतरात बसेल असा एक तरी काटा असावा.

दोन, गाडी पकडल्यावर महसूल आणि मोटार वाहन या दोन्ही खात्यांनी एकाच काट्यावर, एकाच वेळी पंचनामा करावा. पावतीसोबत काट्याचा पडताळणी दाखला, नोंदणीपत्राची प्रमाणित प्रत आणि कलम ६३ चा दाखला त्याच दिवशी जोडावा.

तीन, वजनाला न थांबण्याचा दंड कधीही जादा वजनाच्या दंडापेक्षा कमी पडू नये, आणि माल भरून देणाऱ्यालाही जबाबदार धरावे, यासाठी कायद्यात दुरुस्ती व्हावी.

आणि चार कामे आपली. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला द्यावा. गेल्या तीन वर्षांत कलम १९४ खाली किती गाड्या धरल्या, किती तडजोडीत सुटल्या, किती कोर्टात गेल्या, किती शाबीत झाल्या आणि किती गाड्यांचा माल प्रत्यक्ष उतरवला, एवढे पाच आकडे मागावेत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. शाबीत झालेल्यांचा आकडा हातात आला की हप्ता किती आणि हलगर्जी किती याचा अंदाज आपोआप येईल.

प्रत्येक गावाने एक वही ठेवावी. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कुठून आली, कुठे गेली. ही वही वजनाचा पुरावा नाही, हे विसरू नये. पण अधिकाऱ्याला 'संशयाला जागा नव्हती' असे म्हणता येऊ नये, यासाठी ती कामाची आहे. वहीतली नोंद लेखी अर्जाने कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी.

गाडी आपण अडवायची नाही, ड्रायव्हरला हात लावायचा नाही, चाकातली हवा सोडायची नाही. त्या एका चुकीने खटला उलटतो. आरोपी साक्षीदार होतो आणि आपण आरोपी.

आणि शेवटचे, सगळ्यात अवघड. पंच म्हणून सही केलेल्या माणसाला गावाने एकटे सोडायचे नाही. त्याच्या तारखेच्या दिवशी त्याच्या वावरातली वेचणी गावाने करावी आणि दोघांनी त्याच्यासोबत कोर्टात जाऊन बसावे. रस्ता अडवायला दोनशे माणसे येतात. कोर्टात बसायला दोन तरी आली पाहिजेत.

कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्याने केली, त्याच्या वाटेवर टिप्पर नव्हता. आपल्या वाटेवर आहे. चढायचीच वेळ आली तर हातात पावती आणि सोबत पंच घेऊन चढू.